न सुटणारी पकड

आमच्याकडे बर्फ यायचा तो गोणपाटात, लाकडाच्या भुशात लोळून. लग्नसराईत नंदुरबारहून बैलगाडीत घातलेली लादी गावात पोचेपर्यंत निम्मी व्हायची आणि उरलेल्या निम्मीला हात लावायला वऱ्हाडी गर्दी करायचे. बर्फाशी एवढीच ओळख असलेल्या गावात माझ्या जेठांनी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावानं, बर्फावर चालायचं यंत्र करायला घेतलं. त्यांना कुणी वेड्यात काढलं नाही. ते घरातले कर्ते होते, आणि कर्त्या माणसाचं वेड आमच्या घरात हुशारी या नावानं खपायचं.

चीनची लढाई नुकतीच होऊन गेली होती. जो तो जवानांसाठी काहीतरी करत होता, बायका मोजे विणत होत्या. जेठांच्या हाती रद्दीतून परदेशी मासिकाचं एक पान लागलं. त्यावर दोन चित्रं होती. एकात पायाला लांब फळ्या बांधलेला माणूस बर्फाचा डोंगर चढत होता आणि त्याची टाच फळीवरून वर उचललेली होती. दुसऱ्यात तोच माणूस खाली येत होता आणि टाच फळीला घट्ट बसलेली होती. खालचा मजकूर त्यांना वाचता येत नव्हता. पण वाचता येत नाही म्हणून समजलं नाही, असं कबूल करणाऱ्यांपैकी ते नव्हते. चढताना टाच मोकळी आणि उतरताना पक्की, एवढं त्यांना कळलं, आणि ते सरकारला कळवायचं त्यांनी ठरवलं. त्या फळ्यांना स्की म्हणतात हे मला फार पुढे कळलं. आम्ही फळ्याच म्हणायचो, आणि बूट फळीला जखडणाऱ्या यंत्राला जेठ ‘पकड’ म्हणायचे.

लोणखेड्याच्या पुढे रस्त्याला लागून त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं. तेलावरची इंजिनं, मोटा, जिनिंगमधल्या यंत्रांचे भाग, सगळं तिथं यायचं. माझा नवरा त्यांच्या हाताखाली फिटरचं काम करायचा. हात चांगला, तोंड मात्र बंद. या दुकानानं जेठांना एक गोष्ट पक्की शिकवली होती. लोक यायचे ते ‘सुटलं, निसटलं, ढिलं झालं’ अशीच तक्रार घेऊन. त्यामुळे जी वस्तू सुटत नाही ती उत्तम, याच्या पलीकडे त्यांची अक्कल कधी गेली नाही. माझं बसवलेलं कधी सुटलं नाही, असं ते जेवताना, अंघोळीच्या आधी आणि पाहुण्यांसमोर सांगायचे.

पहिली पकड त्यांनी दाराच्या बिजागरीची केली. बुटाचा पुढचा भाग बिजागरीवर आणि टाचेला पेटीची कडी. सागवानी फळ्यांची टोकं वाफेवर वाकवली होती, तेवढी मात्र छान वाकली होती, उगीच खोटं का बोलू. जुन्या बाजारातून लष्करी बुटांचा एक जोड आणला, तो जेठांच्या पायात शिरेना. माझ्या नवऱ्याच्या पायात शिरला. झालं, परीक्षेला कोण उभं राहणार ते बुटानंच ठरवलं.

बर्फ कुठून आणायचा? जिनिंगच्या अंगणात कपाशीचे घराएवढे ढीग पडलेले होते, पांढरे. पांढरं म्हणजे बर्फच, असा जेठांचा हिशेब. नवरा शिडीनं ढिगावर चढला, फळ्या बांधून उभा राहिला आणि कमरेपर्यंत आत गेला. चार माणसांनी ओढून काढला तेव्हा भिवयांनासुद्धा कापूस चिकटलेला होता. जमलेले हमाल पोट धरून हसले. जेठांनी निष्कर्ष काढला तो असा की कडी हलली. दुसऱ्या पकडीला त्यांनी सायकलच्या कॅरियरची स्प्रिंग लावली. तिसरीला इंजिनाच्या व्हॉल्वची स्प्रिंग आणि वर लोखंडी नखी. ती बसली की बूट फळीतून काढायला पाना लागायचा. जेठ त्या दिवशी दोन भाकरी जास्त जेवले.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण त्याच महिन्यात नवऱ्याला रेल्वेत फिटरच्या जागेसाठी बोलावणं आलं होतं. हाताचं काम त्याचं पाहून झालं होतं, डॉक्टरी तपासणी तेवढी राहिली होती. रेल्वेची जागा म्हणजे दोन खोल्यांचं क्वार्टर, स्वतःचं दार, आणि सकाळी उठल्यापासून डोक्यावरचा पदर सांभाळण्यापासून सुटका. मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती, की त्या दिवसांत भाकरी थापताना मी मनात तिथली भांडी लावत असे.

एका दुपारी घरात सामसूम होती. पडवीत ती तिसरी पकड फळीसकट पडलेली होती. मी बुटांत चिंध्या कोंबल्या, पाय घातले आणि खटका दाबला. उगीच, बघावं म्हणून. दोन पावलं टाकली आणि आडवी झाले. फळी एकीकडे वळली, पाय तिच्याबरोबर वळला, आणि टाचेपर्यंत माझा हात पोचेना. जितकी धडपड करावी तितका घोटा पिळवटत होता. ओरडायची सोय नव्हती, सुनेनं पायात लष्करी बूट घातलेत हे शेजाऱ्यांना कशाला दाखवा. सासूबाई आल्या तेव्हा मी तशीच पडून होते. त्यांनी पाना आणून मला सोडवलं आणि आधी दार लावून घेतलं.

माझं माहेर कोरीटचं. वडील बैल जुंपायचे तेव्हा गळ्याच्या दोरीची गाठ अशी मारायचे, की टोक ओढलं की मोकळी. बैल पडला तर तो आधी सुटला पाहिजे, गाडीचं मग बघू, असं ते म्हणायचे. सासूबाईंनी मला सोडवलं तेव्हा मी त्यांना ही गाठ सांगितलीही. कोरीटच्या शेतकऱ्याला बैलाबद्दल जे कळत होतं ते आमच्या या संशोधकाला सख्ख्या भावाबद्दल कळत नव्हतं.

आता हे त्यांना सांगायचं कसं? जेठांशी सुनेनं बोलायचं नाही, ही आमच्या घरची रीत. समोर आले की पदर नाकापर्यंत ओढायचा आणि जे सांगायचं ते तिसऱ्याच्या तोंडून. मी नवऱ्याला म्हटलं, “दादास्ले सांगा, मानूस पडना ते पाय सुटाले पायजे. नही ते हाड मोडी.” तो मान हलवून गेला. मी दाराआड उभी होते. माझ्या नवऱ्यानं थोरल्या भावाला जे सांगितलं ते असं, “दादा, ती म्हनस, पकड जरा घट्ट शे.”

जेठांचा चेहरा खुलला. “घट्ट शे ना? बेस! बाईमानूसले बी समजनं!” म्हणाले, आणि स्प्रिंगला आणखी एक आटा दिला.

शेवटची परीक्षा वाळल्या गवतावर करायची ठरली. सातपुड्याच्या पायथ्याला हिवाळ्यात गवत असं वाळतं की चप्पल घसरते. आम्ही सगळे बैलगाडीतून गेलो, भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन, जत्रेला निघाल्यासारखे. टेकडीवर डोंगरातलं एक जोडपं गवत कापत होतं. विळे थांबवून ती दोघं बघत राहिली. फळ्यांना तेल लावलं. नवरा टाच मोकळी ठेवून वर चढला, आणि ते छान जमलं, हे मी आजही नाकारत नाही. आम्हीही मागोमाग वर गेलो, आणि तिथं जेठांनी स्वतः वाकून दोन्ही नख्या बसवल्या.

मी सासूबाईंच्या कानाशी लागले. “आते तरी सांगा त्यास्ले.”

“आते नको बोलू,” त्या म्हणाल्या. “चांगला कामले निंघेल शेत.” चांगल्या कामाला निघालेल्याला आयत्या वेळी टोकायचं नाही, ही त्यांची समजूत.

जेठ दहा पावलांवर होते. मला त्यांच्या शर्टाची तुटलेली गुंडी दिसत होती. मी पदर दातात धरला आणि गप्प उभी राहिले.

नवरा सुटला. वेग खरंच आला, तो हसलासुद्धा. मग उजव्या फळीचं टोक गवतात दडलेल्या खुंटाला अडलं. फळी आडवी फिरली, तो पुढे गेला आणि पाय मधल्यामधे पिळला गेला. आवाज आम्हाला वरपर्यंत ऐकू आला.

मी धावले. जेठही धावले. ते आधी पोचले, गुडघ्यांवर बसले, आणि त्यांनी आधी काय पाहिलं असेल? नखी. बोटानं हलवून पाहिली आणि मान वर करून म्हणाले, “देख, तरी सुटनं नही!”

त्यांचा तो आवाज आठवला की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. पाना गाडीत राहिला होता. तो येईपर्यंत माझा नवरा त्या फळीला जखडलेला, दात आवळून पडून होता. त्या डोंगरातल्या दोघांनी आपलं कांबळं काठीला बांधून झोळी केली आणि काही न बोलता त्याला गाडीपर्यंत आणलं. दिवसभरात अक्कल दाखवली ती त्या दोघांनी.

हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या. दीड महिना हलायचं नाही म्हणाला. तपासणी पंधरा दिवसांवर होती.

पंधराव्या दिवशी नवरा पडवीत खाटेवर पडलेला होता. सकाळपासून तो माझ्याकडे बघत नव्हता आणि मी त्याच्याकडे. जेठ हसत आत आले. हातात चौथी पकड होती. नखीच्या मागे त्यांनी दोरीचा फास केला होता, ओढला की नखी उघडत होती. बैलाची गाठ. सासूबाईंनी कधीतरी त्यांना माझं म्हणणं सांगितलं असावं. मी चार हातांवर उभी होते, तरी ते खाटेकडे वळून म्हणाले, “तिले इचार, आते बरोबर शे का?”

नवऱ्यानं माझ्याकडे मान वळवली. मी पदर मागे टाकला आणि जेठांच्या तोंडाकडे बघून म्हणाले, “बरोबर शे. पन आज यास्नी रेल्वेनी तपासनी व्हती.”

मी बोलले याचा राग आधी त्यांच्या चेहऱ्यावर आला, मग तो गेला. “आज व्हती?” त्यांनी विचारलं. त्यांना खरंच आठवत नव्हतं. पकड खाटेखाली ठेवून ते दुकानात निघून गेले आणि फळ्यांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

आम्ही त्याच घरात राहिलो. नवरा जरा लंगडत, त्यांच्याच हाताखाली. त्या माणसाला मी आयुष्यभर मनातल्या मनात शिव्या घातल्या, आणि त्यांतली एकही मागे घेणार नाही. पण त्या दिवशी त्यांच्या तोंडावर बोलल्यावर घर काही कोसळलं नाही, आभाळ फाटलं नाही. सासूबाई आतून म्हणाल्या, भाकरी करपतेय, आणि मी आत गेले. इतकंच व्हायचं होतं, तर टेकडीवर दहा पावलांवर ते उभे होते तेव्हा मी तोंड का उघडलं नाही, हे मला आजतागायत कुणी विचारलेलं नाही.