तिखटाची गौर

आमची गौर तिखटाची. म्हणजे दुसऱ्या दिवशी तिला मटण-वड्यांचा नैवेद्य. अलिबागकडच्या माझ्या सासरच्या घरात पिढ्यानपिढ्या हेच चालत आलंय. शेजारी गणपती बसलेला, तो गोडाचा. म्हणून नैवेद्य दाखवताना दोघांच्या मध्ये पडदा ओढायचा. आई माहेरपणाला आलीय, तिचे लाड लेकाच्या नजरेआड करायचे, एवढंच. त्यात कुणाला कधी काही वावगं वाटलं नाही.

लग्न होऊन मी सुरतेला आले. नवरा बँकेत, मी पालिकेच्या मराठी शाळेत बाई. नानपुऱ्यात भाड्याचं घर होतं, खाली एक गुजराती खलाशी कुटुंब. त्यांची म्हातारी गौरीला हळदकुंकू लावायला हौसेनं वर यायची आणि जाताना डबाभर रस्सा घेऊन जायची. "बेन, आ वखते तीखुं ओछुं छे," असं तिखट कमी पडल्याचं वर ऐकवायची! देवभोळी बाई, रोज देवळात जाणारी. हिंदूनं काय खावं, हा प्रश्न त्या जिन्यावर कधी चढलाच नाही.

मग मुलानं सुरतेतच अडाजणला फ्लॅट घेतला. दलालानं पहिल्याच दिवशी बजावलं, "बेन, सोसायटी प्योर वेज छे हं." मुलानं मुकाट मान डोलावली. एरवीचं मासे-मटण मी सोडलं. म्हटलं, जिभेचे चोचले काय, म्हातारपणी गेले तर गेले. पण गौरीपुरतं सोडलं नाही. खिडक्या लावून, कुकरची शिट्टी काढून ठेवून, मंद आचेवर शिजवायचं. माझ्याच घरात, माझ्याच देवीसाठी, चोरासारखं. चीड यायची नुसती.

यंदा गुडघ्यांनी अगदीच दगा दिला, म्हणून गौर सुनेच्या हाती सोपवायचं ठरवलं. वाटणात काय काय भाजायचं, वडे कसे थापायचे, सगळं तिला दाखवणार होते. माझं मागणं एकच होतं, गौर आहे तशी पुढे जावी.

गौरी यायच्या आठवडाभर आधी नात खालून खेळून रडत वर आली. आठ वर्षांची पोर. मैत्रिणींना मोठ्या तोऱ्यात सांगून बसली होती, आमची देवी मटण खाते. मैत्रीण म्हणाली, "तो तमे हिंदू नथी." म्हणजे मग तुम्ही हिंदूच नाही. नातीनं डोळे पुसत मला विचारलं, "आजी, आपण मुसलमान आहोत का गं?"

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. पोरीवर नाही हो, समोर चालू असलेल्या टीव्हीवर. मालिकेत हिंदू घर दाखवायचं म्हणजे तुळस, आरती आणि चांदीच्या वाटीत खीर. मुसलमान दाखवायचा म्हणजे सुरमा, जाळीचा बनियन आणि हातात मटणाचं हाड. झालं! अगं, बंगालपासून कोकणापर्यंत देवाचं नाव घेऊन मासे-मटण खाणारी घरं काय थोडी आहेत? ती कुणी दाखवतच नाही. आणि मुसलमान म्हटलं म्हणून रडायचं कशाला, ती काय शिवी आहे? माझ्या शाळेत एक मुसलमान बाई होत्या, धुळ्याकडच्या, घरी अहिराणी बोलणाऱ्या. त्यांना मटणाचा वाससुद्धा सहन व्हायचा नाही. हे सगळं मी नातीला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण टीव्हीत तसं नसतं."

दोन दिवसांनी रात्री जेवणं झाल्यावर सून माझ्या शेजारी येऊन बसली. "आई, मला काही वाटत नाही हो. मी केलंही असतं. पण दोन दिवस झाले, तिला कुणी खेळायला घेत नाही." तिच्याशी काय भांडणार? मोठ्या माणसांशी मी चार हात केले असते. आठ वर्षांच्या पोरीला एकटीला झोपाळ्यावर बसवून कसली परंपरा राखायची? मी म्हटलं, पुरण घाल.

पुरणपोळ्या छान झाल्या होत्या, खोटं कशाला बोलू. सोसायटीतल्या बायका दर्शनाला आल्या, प्रसाद घेतला, त्या मैत्रिणीची आईसुद्धा आली. नात घरभर बागडत होती. मी मात्र अर्धी पोळी पानात तशीच ठेवली. ही गौर माझ्या हाती सोपवणाऱ्या सासूबाईंची फार आठवण आली.

तिसऱ्या दिवशी गौर उठवायची. आमच्याकडे तेव्हा घरातली सगळ्यात लहान मुलगी गौरीच्या वतीनं बोलते. नातीची ही पहिलीच वेळ होती. मी गौरीसमोर अक्षता धरून विचारलं, "गौराई, पोट भरलं का गं तुझं?"

नातीनं खणखणीत आवाजात सांगितलं, "हो, भरलं. मला गोडच आवडतं."

सगळे कौतुकानं हसले. सुनेनं तिला जवळ घेतलं. मी अक्षता टाकल्या, पण मान वर करून गौरीच्या मुखवट्याकडे बघायचा मला धीर झाला नाही.