बुधूभाऊचा रिव्हर्स

धानोऱ्याच्या बुधूभाऊ मडावीनं बावीस वर्षं धानाचा ट्रक चालवला, पण लायसन्सची मुदत संपून दीड वर्ष झालं तरी कागद उघडून पाहिला नाही. आता ट्रक परत हातात हवा, तर पुन्हा शिकणं आलं आणि सोमवारी परीक्षा. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सोबतीला चोवीस वर्षांची रंजीता. ती आरशात बघत दोन खांबांमधून ट्रक अलगद मागं घेई, आणि मास्तर "वा!" म्हणत. बुधूभाऊला जन्मात कोणी वा म्हटलं नव्हतं. त्याच्या पोटात दुखू लागलं.

त्याची पाळी आली. रिव्हर्स टाकून तो नुसताच बसून राहिला.

"काऊन थांबले, भाऊ?" मास्तरांनी विचारलं.

"मांगून कोणी पत्रा वाजवून नाई राह्यलं न!"

बावीस वर्षं क्लीनर मागून ट्रकचा पत्रा वाजवी, तसा हा मागं सरके. आरसा फक्त भांग पाडायला.

शेवटी रंजीतानंच मागं जाऊन पत्रा वाजवला. ट्रक खांबांमधून सरळ गेला.

"वा, रंजीता!" मास्तर म्हणाले. "पण भाऊ, परीक्षेत पत्रा वाजवाले कोणी नाई येत."

बुधूभाऊ घटकाभर धुमसला. मग तिच्याकडं न बघताच म्हणाला, "बाई, आरशात नेमकं पाहाचं कुठी?"