सरी बिडी

डॉक्टरबाईंची खोली पूर्वी कोणाची तरी झोपायची खोली असावी. भिंतीवर पलंगाच्या उंचीला एक लांब फिकट पट्टा राहिला होता आणि खिडकीबाहेरच्या झाडाची सावली त्यावर हलायची. बेंगळुरातल्या एचएसआर लेआउटमधल्या त्या वरच्या मजल्यावर दुपारी तीनला मी आणि बायको दोन वेगळ्या खुर्च्यांवर बसायचो. आजही ती खोली आठवली की पाण्याखाली बसल्यासारखं वाटतं. आवाज लांबून येतात, माणसं हळू हलतात. बोम्मसंद्राच्या माझ्या कारखान्यात माझा आवाज मशीनच्या वर ऐकू जातो, पण त्या खोलीत तो समोरच्या खुर्चीपर्यंतही पोचायचा नाही.

आधी डॉक्टरबाई फक्त बायकोच्या होत्या. तिची झोप उडाली होती, जेवण तुटलं होतं आणि ती इंदिरानगरला अक्काकडे, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीकडे, राहायला गेली होती. अक्कानंच तिला मानसोपचारासाठी ह्या डॉक्टरबाईंकडे नेलं. गोळी सुरू झाली, थोडी झोप लागायला लागली, मग निरोप आला की आता नवऱ्याला पाठवा. मला वाटलं, तिच्याबद्दल माहिती हवी असेल.

"सहा वेळा यावं लागेल, दोघांनी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मग घरी जायचं की नाही ते ह्या ठरवतील."

"चारमध्ये बसवा."

बाई बेळगावकडच्या. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "भाजी घ्यायला आलाय काय हो तुम्ही?"

बायको हसली नाही. "बघा," एवढंच म्हणाली.

त्या 'बघा'चा मला राग आला, कारण त्यामागे एक जुना राग होता. अक्काच्या घरी सगळ्यांसमोर ती म्हणाली होती, "ह्यांच्या घरात मी बायको नाही, गिऱ्हाईक आहे." मी सांगलीकडून एक पिशवी घेऊन या गावात आलो. दुसऱ्यांच्या गोदामात खोकी उचलली, मग पुठ्ठ्याच्या खोक्यांचा स्वतःचा कारखाना काढला. गिऱ्हाइकाला मी कधी फसवलं नाही. आणि ही बाई तो शब्द शिवीसारखा वापरते, तोही तिच्या माणसांत, जी कैक पिढ्या बेंगळुरात राहून निम्मं कानडी बोलतात आणि मला अजून बाहेरचा समजतात.

तिसऱ्या बैठकीला विषय निघाला पुढच्या खोलीचा. आमच्या घरी पुढच्या खोलीत ती मुलांचा चित्रकलेचा वर्ग घ्यायची. दहाबारा मुलं, सतरंजी, रंगांच्या वाट्या. कारखान्यात जागा कमी पडली तेव्हा मी तिथं नमुन्याची खोकी रचली आणि वर्ग बंद झाला.

"विचारलं होतं मी तिला," मी म्हणालो. "तिची संमती होती."

"तिचे शब्द काय होते?"

"सरी बिडी, म्हणाली."

पंखा फिरत होता, त्याला आवाज नव्हता. डॉक्टरबाईंनी विचारलं, "हा कानडी शब्द तुम्ही शिकलात कुठं?"

तो मी बाजारात शिकलो. नवीन होतो तेव्हा एका रद्दीवाल्याशी कागदाच्या भावावरून तासभर घासाघीस केली. शेवटी तो हात झटकून म्हणाला, "सरी बिडी." मी म्हटलं, मी बिडी ओढत नाही. तो पोट धरून हसला आणि गठ्ठा माझ्या गाडीत टाकला. तेव्हापासून मला पक्कं ठाऊक होतं की समोरचा 'सरी बिडी' म्हणाला की सौदा आपला. आता तोंड फिरवायचं आणि माल उचलायचा. आणखी बोललं तर त्याचं मन बदलतं.

हे मी अभिमानानं सांगितलं. सांगून झाल्यावर पाहिलं तर बायको खाली बघत होती.

"अर्थ सांगा की त्यांना," डॉक्टरबाई तिला म्हणाल्या.

"ठीक आहे, सोडा," ती म्हणाली. "एवढाच अर्थ आहे, अहो. मी सोडून द्यायची."

"मग नाही म्हणायचं होतंस!" मी उठलोच. खुर्ची मागं पडली.

"म्हटलं होतं. आठ वेळा. नवव्या वेळेला सरी बिडी म्हटलं."

मी जिना उतरून रस्त्यावर आलो. चपला वर दाराशीच राहिल्या होत्या. डांबर तापलेलं होतं, पाय भाजत होते आणि मी एका झाडाच्या सावलीत उभा. त्या सावलीत काय झालं ते नीट सांगता येत नाही. डोळे उघडे होते, पण समोरचा रस्ता दिसत नव्हता. तिच्या सगळ्या 'सरी बिडी' एकामागून एक येत होत्या, अगदी सावकाश. इंदिरानगर सोडून कारखान्याकडं घर घेतलं तेव्हाची. अक्काच्या मुलीच्या लग्नाला एकच दिवस जायचं ठरवलं तेव्हाची. साध्या दिवशी, साध्या भाजीवरून. प्रत्येकीनंतर माझा चेहरा कसा झाला असेल तेही दिसलं, बाजारातून माल घेऊन परतणाऱ्या माणसाचा. आमच्याकडे सरी म्हणजे उसाच्या रानातली, जिच्यातून पाणी जातं. लग्न ठरताना तिच्या तोंडून पहिल्यांदा 'सरी' ऐकलं तेव्हा मला तेच दिसलं होतं, कडेला हिरवं आणि मधून वाहतं पाणी.

चपलांसाठी वर गेलो. आतून कोणी हाक मारली नाही. आपणहून आत गेलो, खुर्ची सरळ केली आणि बसलो.

सहाव्या बैठकीनंतर आम्ही दोघं एकत्र जिना उतरलो. खाली ती थांबली. मी म्हणालो, "आज घरी चल."

"सरी बि—" तिनं स्वतःच शब्द तोडला. मग म्हणाली, "नाही. रविवारी येते. आणि पुढची खोली मला रिकामी हवी."

"शनिवारी?"

"नाही."

बाजारात समोरच्याचं 'नाही' ऐकलं की माझं डोकं चालू लागतं. तिथं तसं झालं नाही. ती नाही म्हणाली तेव्हा तिचा आवाज तिचा वाटला, बऱ्याच वर्षांनी ऐकलेला. मला वाटलं, हिनं अजून एकदा म्हणावं. पण रिक्षा आली होती.

त्या 'गिऱ्हाईक' शब्दाचा राग गेला असं मी म्हणणार नाही. आठवलं की अजून कान तापतात.

रविवारी दुपारी ती पिशवी घेऊन आली. चप्पल काढायच्या आधीच तिनं पुढच्या खोलीत डोकावलं. मी खिडकीकडची निम्मी खोली मोकळी करून, झाडून, सतरंजीही घातली होती. उरलेली खोकी भिंतीशी छतापर्यंत नीट रचली होती. मुलं दहाबाराच, निम्म्या जागेत मावतात, असा माझा हिशेब.

ती दारातच उभी राहिली. पिशवी हातातच.

"निम्मी नाही, अहो. सगळी."

मी बाह्या वर केल्या आणि पहिलं खोकं उचललं. तिनं चप्पल काढली, दार पूर्ण उघडून धरलं आणि मला वाट दिली.