काट्याचा दिवा लागेना

वजनकाट्यावर कांद्याचा ट्रक उभा होता. डिस्प्लेवर वजन दिसत होतं, पण ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर शून्य. हातानं लिहिलेली पावती व्यापारी घेत नाही, म्हणून ट्रक अडकला होता.

"चाचा, दुसऱ्या काट्यावर जाऊ का?" ड्रायव्हर ओरडला.

"थांब की! इंजिनियर आलाय न्हवं," काट्याचे मालक म्हणाले. त्यांना सगळे चाचाच म्हणतात.

इंजिनियर म्हणजे मी. शिरूरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे आणि दुपारनंतर एका नेटवर्किंगच्या दुकानात काम करतो. तळेगाव ढमढेऱ्याचा हा माझा पहिला एकट्याचा कॉल.

त्यांचा जुना हब जळाला होता. हब म्हणजे एका वायरीतून आलेली माहिती जशीच्या तशी बाकी सगळ्या वायरींत सोडणारा डबा. त्याच्या जागी आता एक मोठा, लोखंडी हब होता. त्यावर कॉम्प्युटरचा दिवा लागत होता, प्रिंटरचाही. काट्याचा नाही. वायर बदलली, पोर्ट बदलला. तरी नाही. शेवटी हबचं लेबल वाचलं. तो फक्त १०० एमबीपीएसच्या वेगानं चालणारा होता. काट्याचं मशीन जुनं, त्याला फक्त १० जमतं. कॉम्प्युटर आणि प्रिंटरला दोन्ही वेग चालतात. आणि हब काही वेग बदलून देत नाही.

"चाचा, मला वाटतं, हा हब काढावा लागेल."

चाचांनी आवाज एकदम खाली आणला. "आरं, जावयांनी आणलाय त्यो. कोरेगावला कंपनीत हायेत. उद्याच जेवायला यायचेत. काय सांगू त्यांना?"

मी बॅग उघडली. बॅगेत पाच पोर्टचा छोटा स्विच होता. स्विच आलेली माहिती क्षणभर साठवतो आणि पुढच्याला झेपेल त्या वेगानं देतो. काट्याची वायर स्विचला जोडली आणि स्विचमधून एक वायर हबला. दिवा लागला. स्क्रीनवर वजन आलं, पाठोपाठ पावतीही. चाचांनी लगेच हबकडे बोट दाखवून ड्रायव्हरला सांगितलं, तो जावयांनी आणलाय.

"चाचा, जावई भारी मिळालाय तुम्हाला!" ड्रायव्हर पावती घेत म्हणाला.

"मग! बघूनच दिलीय पोरगी," चाचा म्हणाले.

मी दुकानाच्या सरांना फोन करून सगळं सांगितलं.

"अरे, तीनच तर वायरी. सगळं स्विचवरच बसलं असतं. हब कशाला ठेवलास?"

"सर, तो त्यांच्या जावयांनी आणलाय."



"राहू दे मग."

पुस्तकातल्या नेटवर्कच्या आकृतीत जावई नसतात. आता साइटवर गेलो की आधी हबचा वेग बघतो, आणि तो कुणी आणलाय हेही विचारून घेतो.