कायदेबाईंची अट

ज्याने जी चूक केली, तेच त्याचं नाव, हा कायदेबाईंचा रिवाज. त्यांच्या गोंदियातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात मी एकदा प्रोग्राम लिहिताना अर्धविराम विसरलो आणि कायमचा 'अर्धविराम' झालो.

दुकान चालायचं राइस मिलच्या काट्यांवर. धानाचा ट्रक चढला की वजनाची पावती छापणारा बाईंचा प्रोग्राम परदेशी लोकांनी फुकट वाटलेल्या प्रोग्रामवर बेतलेला होता. त्या फुकटाला अटी होत्या: पुढे ज्याला द्याल त्याला आतला सगळा कोड द्या, अटींचे कागद द्या आणि आधीच्यांची नावं पुसू नका. हे गोंदियात कोण वाचतो? बाई वाचायच्या. एक ओळ बदलली तरी नवी सीडी, नवे इंग्रजी कागद आणि ते घेऊन मी देवरीच्या बसमध्ये. मिलवाले शेठ म्हणायचे, "इस सीडी का क्या अचार डालूँ?" आणि तिच्यावर चहाचा कप ठेवायचे.

आमच्यातल्या सगळ्यात हुशार पोराने एकदा ती परदेशी नावं उडवून टाकली. नेमके त्याचे होणारे सासरे त्याला बघायला दुकानात आले होते. बाईंनी त्यांच्यासमोरच विचारलं, "काऊन रे खोडरबर, उद्या सासऱ्याचंबी नाव पुसशीन का?" सोयरीक मोडली. बाईंची जीभ अशी कोयत्यासारखी चालायची.

खोडरबर दुकान सोडून गेला. एका मिलमधून त्याने बाईंचीच सीडी उचलली आणि तोच प्रोग्राम निम्म्या भावात विकायला लागला. अटींप्रमाणे त्याला तो हक्क होताच. मी म्हटलं, "बाई, आता कोड देऊ नका. कोणाले समजते?"

"मले समजते ना," बाई म्हणाल्या. "अट त्याच्यासाठी येगळी अन् माह्यासाठी येगळी हाय का?"

दुकान बंद पडलं. मला बाईंचा भयंकर राग आला, आणि तरी इतकं सरळ माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

खोडरबरने एक अट मात्र काटेकोर पाळली. पावतीखाली छापलं जाणारं बाईंचं नाव आणि फोन नंबर त्याने पुसला नाही. शिकवण म्हणून की सूड म्हणून, ते त्यालाच ठाऊक. त्याच्या गफलतीने वजन चुकलं की शेठ लोक बाईंनाच फोन करून आईबहिणीवरून शिव्या द्यायचे. शेवटच्या आजारात, धाप लागलेली असतानाही, बाई ऐकून घ्यायच्या आणि चूक कुठे असेल ते सांगायच्या.

त्या गेल्यावर त्यांच्या भावाने त्या नंबरचा मोबाइल मला दिला. परवा सडक अर्जुनीहून फोन आला. शिव्या संपल्यावर मी म्हटलं, "बाई वारल्या."

"मर गयी? तो नाव काहून ठेवलं? हटाव ना!"

"हटवता येत नाही," मी म्हटलं आणि पुढच्या शिव्या ऐकून घेतल्या.