कितव्या पंगतीला जेवता?

सांगलीत मी बरीच वर्षं वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रिया करतो. जठराचा मोठा भाग काढून टाकतो. उरलेल्या लहानशा पोटात माणसानं थोडं थोडं, नीट चावून, दिवसातून पाच-सहा वेळा खायचं असतं. एवढं सांगितलं की माझं काम झालं, असं मी समजायचो. टाके चांगले घालतो याचा गर्वही होता.

मेढ्याकडची एक सून माझ्याकडे आली होती. नवरा फौजेत, रक्तातली साखर वाढलेली, गुडघ्यांमुळे घरातल्या घरात चालणंही अवघड. ऑपरेशन छान झालं. काही आठवड्यांनी सासूबरोबर तपासणीला आली तेव्हा वजन उतरलं होतं आणि चेहराही. रोज उलट्या, पायांना मुंग्या.

"पटापट गिळता तुम्ही," मी बाहेरच्या बाकड्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो. "आणि दिवसभर उपाशी राहता. बरं व्हायचंय की नाही?"

तिच्याऐवजी सासूच उसळली. "आवं डाक्टर, ती जेवाय बसती कवा, ते तरी इचारा! आदी गडीमानसं, मग पोरं, मग आमी. समद्यांचं झालं की ती. तवर म्हशी वरडाय लागत्यात. गिळंल न्हाईतर काय करंल?"

"मग तिला आधी वाढा."

"सुनंनं आदी खायाचं? आमच्यात न्हाई तसं. मी बी तसंच केलं की."

तिच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. माझी आईही शेवटीच जेवायची. ते रोज बघत मी मोठा झालो, तरी पेशंटला हे विचारावं असं मला कधी सुचलं नव्हतं. सुनेला दाखल करून घेतलं, सलाईन आणि जीवनसत्त्वाची इंजेक्शनं सुरू केली. असंच चाललं असतं तर पायांतली ताकद कायमची गेली असती, आणि पथ्य पाळलं नाही म्हणून तो दोष मी तिच्याच माथी मारला असता. याआधी किती जणींच्या माथी मारला असेन, कोण जाणे.

तिला घरी सोडताना सासूला सांगितलं, "मी तुमच्याकडे जेवायला येतोय."

रविवारी गेलो. पाहुण्यासाठी मटण केलं होतं. सासरे फौजेतलेच निवृत्त हवालदार. ते, धाकटा दीर आणि मी, अशी पंगत बसली. सून वाढायला उभी. मी ताट पुढे सरकवलं. "ती जेवेपर्यंत मी घास घेणार नाही."

"पावन्यानं असं करू ने, सायेब," सासरे म्हणाले. "पयला मान तुमचा."

"फौजेत आजारी जवानाला जेवण कधी मिळायचं?"

"टायमावर. समद्यांच्या आदी."

"आबा, घावलासा!" दीर हसला.

"तू गप रं." मग सुनेकडे न बघताच त्यांनी आवाज दिला, "बस पोरी. हुकूम हाय."

ती दाराशी, आमच्याकडे अर्धी पाठ करून बसली. मऊ मूगडाळ आणि अर्धं अंडं. एकेक घास चावत होती. आम्ही हात मांडीवर ठेवून बसलेलो. कुठं बघावं कुणाला कळेना. रस्सा गार होऊन वर चरबी धरली. मध्येच आतून पोरानं पाणी मागितलं, तशी ती सवयीनं उठायला लागली.

"बस," सासू म्हणाली. "देती मी."

एका जेवणानं घराची रीत बदलत नाही, हे मला कळतं. म्हणून ठरल्या वेळी मी फोन करत राहिलो. सासरे वैतागून "झालं, झालं जेवन" म्हणायचे, तरी करत राहिलो. हळूहळू उलट्या थांबल्या. आता ती मळ्यापर्यंत चालत जाते.

तेव्हापासून एका प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय मी ऑपरेशनची तारीख देत नाही. काही घरं रागावून दुसरीकडे जातात. जाऊ देत. परवा मलकापूरच्या एका बाईंना विचारलं, "घरात तुम्ही कितव्या पंगतीला जेवता?" त्यांनी आधी सासूकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"त्यांच्याकडे नको," मी म्हणालो. "माझ्याकडे बघून सांगा. मला घाई नाही."