ज्योतीच्या ट्रकच्या सहा तारा

घटस्थापनेची सकाळ होती. पाथर्डी तालुक्यातल्या देवीच्या पायथ्याशी आमचा ट्रक उभा होता. सोबत माझा धाकटा भाऊ आणि गावची बारा माणसं. जवळ वर्गणीतले अडीच हजार. दरवर्षी इथे ज्योत पेटवायची आणि पळत नेवाशाकडच्या आमच्या गावी न्यायची. एक जण पळतो, बाकीचे ट्रकमध्ये बसून पाळी बदलतात. ज्योत दारात येईपर्यंत आई पाण्याचा थेंब घेत नाही. यंदा तिला शुगर निघाली आहे. उपाशी राहू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

आणि ट्रक सुरू होईना.

वडिलांनी मिलिटरीच्या लिलावात घेतलेलं हे पेट्रोलचं सहा सिलिंडरचं इंजिन. पूजेआधी मीच प्लगच्या तारा काढून पुसल्या, हळदकुंकू लावून परत बसवल्या. एक, पाच, तीन, सहा, दोन, चार हा ठिणगी पडण्याचा क्रम मला पाठ आहे. तो पुन्हा पुन्हा तपासला. तरी हँडल मारलं की कार्ब्युरेटरमधून फट् असा आवाज येई आणि इंजिन गप्प. सणाच्या दिवशी दुसरा टेम्पोही मिळेना. बायकोचा फोन आला, "आईंचे हात थरथरतायत. पाणी द्यायला गेले तर तोंड फिरवतात." मी देवळाकडे पाहिलं. काय मागावं तेही सुचेना. आता तुझं तू बघ, एवढंच मनात आलं.

थोड्या वेळाने एक मोटारसायकल थांबली. साठीचे गृहस्थ, मागे त्यांची बायको.

"जय भीम. काय झालं? असल्या गाड्या मिलिटरीत लई चालवल्यात मी."

"ह्यांना उघडं बॉनेट दिसलं की भाचीचा साखरपुडाबी आठवत न्हाई," बाई म्हणाल्या आणि झाडाखाली गेल्या.

गृहस्थांनी डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे जिथून सहाही तारा प्लगकडे जातात ती, टोपी उचलली. भावाला सावकाश हँडल फिरवायला लावलं. "बघा, आतला रोटर डावीकडं फिरतोय. तुमी तारा उजवीकडनं लावल्यात."

"प्रदक्षिणा उजवीकडूनच घालतात," मी म्हणालो. लावताना खरंच तसंच मनात होतं.

ते हसले. "प्रदक्षिणा तुमी घाला की. ह्याला त्याच्या वाटंनं फिरू द्या."

पहिली आणि सहावी तार जागेवरच राहिली, बाकी चार बदलल्या. पुढच्याच हँडलला इंजिन लागलं.

ज्योत दुपारी पोचली. आईने आधी पाणी घेतलं, मग साखर घातलेलं दूध. तिच्या हातांची थरथर थांबेपर्यंत मी शेजारून उठलो नाही.

त्यांना देवीने पाठवलं, असं मी कुणाला पटवत बसत नाही. ते स्वतः म्हणतील, आम्ही साखरपुड्याला निघालो होतो. पण माझं सगळं तपासून संपलं होतं, आणि ते आले. क्रम बरोबर आहे या खात्रीमुळेच मला चूक दिसत नव्हती. आता देवीपुढे बसतो तेव्हा कामं कोणत्या बाजूने व्हावीत हे तिला सांगत नाही.

त्या गृहस्थांनी पैसे घेतले नाहीत, विचारलं तेव्हा आपलं गाव तेवढं सांगितलं. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "त्याला काय पैसे देतूस? त्या बाईला वाटेत ताटकळत ठेवलंस ते बघ." दसऱ्यानंतर तिने स्वतःच्या पैशांतून नऊशेची साडी घेतली आणि त्यांच्या घरी जाऊन बाईंच्या हातात दिली.